सासूबाई गोळ्या चुकवतात, कोपरा धरून बसतात: हार्ट फेल्युअर आणि खचलेलं मन

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सूनबाईंचा आहे. थोडक्यात असा: सासूबाई ६१ वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी हार्ट फेल्युअर निघालं, 'पंपिंग ३० टक्के'. वर्षात तीनदा ऍडमिट झाल्या. गोळ्या चुकवतात, वजन करा म्हटलं तर 'उद्या बघू' म्हणतात, पायाची सूज लुगड्याखाली झाकून ठेवतात. संध्याकाळी हरिपाठाला जायच्या, तेही सुटलं. घरातलं एकही काम आम्ही त्यांना करू देत नाही, तरी दिवसभर माजघरात भिंतीला टेकून बसलेल्या असतात. सासरे नाहीत. नवरा गोव्यात कामाला, शनिवारी येतो. हा हट्ट आहे की नैराश्य? मनाची गोळी हृदयाला चालते का? आणि आषाढीचा उपवास धरू द्यावा का?

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'घरातलं एकही काम आम्ही त्यांना करू देत नाही.' मायेनं लिहिलंय हे कळतं. पण माझं निम्मं उत्तर याच वाक्याभोवती फिरणार आहे, तेव्हा आधीच सांगते, राग मानू नका.

बेळगावात फिजिशियन म्हणून मला २६ वर्षं झाली. सुरुवातीची दहाएक वर्षं मीही अशा पेशंटना 'ऐकत नाहीत' या एका शब्दात बसवून मोकळी व्हायचे. केसपेपरवर तसं लिहिलेलंही असेल. आता लिहीत नाही.

आधी त्या आजाराच्या नावाचं बघू. आपल्या मराठीत 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. कुणी अचानक वारलं की दुसऱ्या दिवशी पारावर हेच सांगतात. तोच शब्द आता एका जिवंत बाईच्या कागदावर आलाय. वॉर्डात राउंडला डॉक्टर आपापसात इंग्रजीत बोलतात, सिस्टर कन्नडमध्ये 'उप्पु कम्मी माडरी', म्हणजे मीठ कमी करा, सांगून पुढच्या कॉटकडं जातात, डिस्चार्जचा कागद घरात कुणाला धड वाचता येत नाही. या सगळ्यातून बाईच्या कानाला ओळखीचा वाटणारा शब्द एकच, 'फेल'. वडगावच्या एका मागवाल्यांच्या घरातल्या काकींना मी विचारलं होतं, तुम्हाला काय झालंय म्हणून सांगितलं? त्या शांतपणे म्हणाल्या, 'हार्ट फेल झालंय म्हणे ओ. आता कधी जाते बघायचं.' आठ महिने त्या बाई वाट बघत बसल्या होत्या. वाट बघणारं माणूस गोळ्या कशाला मोजून खाईल?

म्हणून पहिलं काम हे. सासूबाईंना त्यांच्या भाषेत सांगा की हृदय बंद पडलेलं नाही, दमलंय. मोटार चालू आहे, पाणी कमी दाबानं येतंय. आणि ते '३० टक्के' समजावून सांगा. हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर ढकललं जातं, त्याचा हा आकडा. घरोघरी याचा अर्थ '७० टक्के गेलं' असा धरतात. निरोगी माणसाचाही हा आकडा १०० नसतो, ५५ ते ७० च्या आसपास असतो. शिवाय औषधं नीट चालू राहिली तर कित्येकांचा तो वर चढतो. दर वेळी सगळ्यांचा चढतो असं म्हणणार नाही, पण चढलेले मी भरपूर बघितलेत.

आता हट्ट की नैराश्य. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये एक हिशेब मांडला गेला. हार्ट फेल्युअरच्या साधारण पाच पेशंटमागे एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य होतं. दम जितका जास्त, तितकं प्रमाण वाढत गेलं: रोजच्या कामात काहीच त्रास नसलेल्यांत ११ टक्के, बसल्या जागी धाप लागणाऱ्यांत ४२ टक्के. आपल्याकडं यात आणखी एक भर पडते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या रुग्णालयांनी २०१३ मध्ये १२०५ पेशंटची नोंद केली, त्यांचं सरासरी वय ६१ निघालं, म्हणजे नेमकं तुमच्या सासूबाईंचं. पाश्चात्त्य देशांत हाच आजार साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो. आपल्याकडं तो गाठतो तेव्हा बाई अजून घर चालवत असते, दुभत्याचं बघत असते, भाताची लावणी कुठल्या दिवशी धरायची ते ठरवत असते. आजाराबरोबर हे सगळं एका आठवड्यात हातातून जातं.

पण ओळखायचं कसं? इथंच घोटाळा आहे. अंगात बळ नसणं, रात्री झोप न लागणं, दोन घासांत पोट भरल्यासारखं होणं ही नैराश्याची लक्षणं आहेत आणि अंगात पाणी साठल्याचीही. त्यांवरून काही ठरत नाही. 'मन उदास आहे का?' असं विचारून तर काहीच हाती लागत नाही. आपल्याकडच्या बायका 'मनाला काय धाड भरलीय' म्हणून विषय संपवतात. मी दुसरं विचारते. शनिवारी मुलगा चोर्ल्याचा घाट चढून घरी येतो तेव्हा तोंडावर काही उमटतं का, की तो आला काय न आला काय सारखंच? पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यातलं काय काय सुटलं, आणि ते धाप लागते म्हणून सुटलं की नकोसं झालं म्हणून? 'मी तुमच्यावर भार झाले' हे वाक्य किती वेळा येतं? जीव रमेनासा होणं आणि स्वतःला भार समजणं या दोन गोष्टी हृदयाच्या खात्यात टाकता येत नाहीत, त्या मनाच्याच. पंधरा दिवसांहून जास्त, जवळजवळ रोज असं चाललं असेल तर त्याला हट्ट म्हणू नका.

आणखी एक शक्यता तपासायला हवी, आणि ती डॉक्टरांकडून तपासून घ्या. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये शरीरातलं लोह कमी असतं, आणि हिमोग्लोबिन ठीक असलं तरी असू शकतं. थायरॉईड मंदावला की माणूस असाच भिंतीला टेकून बसतो. ठोके ताळ्यावर ठेवायला अमिओडॅरोन चालू असेल तर हे आवर्जून बघावं लागतं. रक्तातलं सोडियम घसरलं तरी माणूस मंद होतं. या आजारात विसराळूपणाही येतो. सकाळची गोळी घेतली की नाही हेच आठवत नसेल तर त्याला उदासीनता म्हणणं अन्याय आहे. या तपासण्या न करता मनाच्या डॉक्टरकडं पाठवणारे आम्हीच असतो, तेव्हा दोष तुमचा नाही. फक्त एक करू नका: ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलची गोळी 'त्यानंच उदास वाटतंय' म्हणून बंद करू नका. हा समज जुना आहे. पुढच्या काळात मोठ्या संख्येनं पेशंट तपासले तेव्हा नैराश्याशी तिचा संबंध दिसला नाही. क्वचित झोप बिघडते, स्वप्नं पडतात, तेवढं डॉक्टरांना सांगा.

स्वतःची काळजी घेणं म्हणजे आम्ही ज्याला पथ्यपाणी म्हणतो, त्याचे तीन तुकडे आहेत आणि मन खचलं की ते सारखे तुटत नाहीत. रोजच्या गोळ्या आणि मीठ हा पहिला. वजन, सूज, धाप यांवर नजर ठेवणं हा दुसरा. आणि काही बदललं तर त्या दिवशी काहीतरी करणं, फोन करणं, दवाखाना गाठणं, हा तिसरा. सगळ्यात आधी जातो तो तिसरा. सूज दिसते, कळते, आणि बाई म्हणते 'असू दे, पंचमी होऊ दे'. तुमच्या सासूबाई सूज झाकतात, याचा अर्थ त्यांना ती कळलीय. नजर शाबूत आहे, पुढचं पाऊल उचलायला मन होत नाही. ऍडमिट व्हायच्या आधी साधारण आठवडाभर वजन वर सरकू लागलेलं असतं. म्हणजे तीनही वेळा तुमच्या हातात काही दिवस होते. दोष देत नाही, पुढच्या वेळी ते दिवस वापरायचे आहेत एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, मग मन बरं करू, बाकी आपोआप होईल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. तसं होत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये १५८ पेशंटवर बोलण्याच्या उपचाराचा प्रयोग झाला. विचारांची गाठ हळूहळू सोडवत नेणारी, काही महिने चालणारी ही पद्धत. नैराश्य खरंच उतरलं: उपचार मिळालेल्यांपैकी ४६ टक्के त्यातून बाहेर आले, नेहमीच्या देखभालीवर असलेल्यांपैकी १९ टक्के. पण पथ्यपाणी? त्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे मन हलकं झालं तरी गोळीची डबी आपण होऊन उघडत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

मनाच्या गोळ्यांचंही असंच गमतीशीर आहे. २०१० मध्ये ४६९ पेशंटवर सर्ट्रालीन तपासली गेली, बारा आठवडे. गोळी हृदयाला सुरक्षित ठरली, पण साध्या पिठाच्या गोळीपेक्षा मनाला जास्त फायदा दिसला नाही. २०१६ मध्ये जर्मनीत ३७२ पेशंटवर एस्सिटालोप्राम तपासली, जास्त काळ, निकाल तोच. पण सर्ट्रालीनच्या प्रयोगात दोन्ही गटांना नर्सची सोबत होती, ती भेटायची, फोन करायची, चौकशी करायची. आणि नैराश्य दोन्ही गटांत कमी झालं. मी त्यातून एवढंच घेतलं की विचारपूस करणारं, नेमानं येणारं एक माणूस हेसुद्धा औषधातच धरायला हवं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी नर्स या कामाला मिळत नाही. ती तुम्ही आहात, पण एकट्या तुम्ही नको. त्यावर पुढं येते.

आधी तुमच्या त्या वाक्याकडं.

घरात माणसं असणं आणि सोबत असणं यांत अंतर आहे. तुमच्या सासूबाईंना उठायच्या आत चहा मिळतो, पाणी हातात मिळतं, कुणी वाकू देत नाही. हाताची मदत भरपूर आहे, गरजेपेक्षा जास्तच. पण ज्या बाईनं चाळीस वर्षं चूल सांभाळली तिला 'तुम्ही बसा' म्हटलं की तिचं घरातलं स्थानच काढून घेतल्यासारखं होतं. आजारी पुरुषाला खाटेवर बसून घर चालवता येतं, विडी मागता येते, रागावता येतं. आजारी बाई घरात काय करते म्हणून राहते, हे तिला कुणी सांगत नाही. मग ती भिंत धरते.

येळ्ळूरच्या एका घरी काय केलं ते सांगते, कारण ते माझं डोकं नव्हे, त्या घरातल्या सुनेचं होतं. मी नेहमीचं सांगितलं: माणशी दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक लहान सपाट चमचा, आणि लोणचं-पापड धरून. त्या सुनेनं एक जुनी पितळी वाटी घेतली. रोज सकाळी सासूनं स्वतः, बसल्या जागी, घरातल्या माणसांच्या हिशेबानं वाटीत मीठ काढायचं. लोणच्यातून, चिवड्यातून पोटात जाणारं वजा करून माणशी पाऊण चमचाच. दिवसभराच्या स्वयंपाकाला त्या वाटीबाहेरचं मीठ वापरायचं नाही. आमटीला मीठ हवं तर सुनेनं सासूकडं मागायचं. पहिल्या दोन दिवसांत वाटी दुपारीच रिकामी झाली आणि रात्रीची भाजी अळणी गेली. घरात भांडण झालं. चौथ्या दिवसापासून म्हातारी चिमटीनं मोजून द्यायला लागली. महिन्यानं आल्या तेव्हा मला सांगत होत्या, 'पोरगी मीठ फार टाकती ओ, मी बघते म्हणून बरं.' एका वाटीनं मीठही आवरलं आणि किल्ल्याही परत मिळाल्या. तुमच्याकडं हेच चालेल असं नाही. पण असं एक काम शोधा ज्याच्यात त्यांचा शब्द अखेरचा राहील. लसूण सोलणं, भाजी निवडणं ठीक आहे, वेळ जातो, पण तेवढ्यानं मान मिळत नाही.

मिठाचं आणखी दोन ओळींत. पार अळणी करू नका. २०२२ मध्ये सहा देशांतल्या ८०६ पेशंटवर मीठ खूपच कमी करून बघितलं, दिवसाला जेमतेम पाऊण चमच्यावर आणून, त्यानं मृत्यू किंवा ऍडमिट होणं कमी झालं नाही. अळणी जेवणानं भूक मरते, आणि भूक मेलेली बाई आणखी खचते. कोकम, लिंबू, लसूण, ओली मिरची, कोथिंबीर हातचं राखून वापरायचं कारण नाही. कापायचं ते वरचं मीठ, सुकट, पापड, फरसाण आणि चहात बुडवायची खारी. मेडिकलमध्ये मिळणारं 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, आणि अल्डॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर ते अंगाशी येतं. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन तर अजिबातच नको. एका लग्नाच्या धावपळीत घेतलेल्या चार गोळ्यांनी पाणी भरून आलेल्या बाया मी दरवर्षी बघते.

चुकवलेल्या गोळ्यांचंही जरा बारकाईनं बघा. सगळ्या चुकतात की एकच? माझ्या अनुभवात बायका नेमकी लघवीची गोळी चुकवतात, आणि नेमकी बाजाराच्या किंवा दवाखान्याच्या दिवशी. कणकुंबी-जांबोटीकडून बेळगावला येणारी बस, वाटेत उतरायची सोय नाही, स्टँडवरच्या संडासात जायचं धाडस नाही. लॅसिक्स घेतली तर दोन-तीन तास दर अर्ध्या तासाला जावं लागतं. बाई काय करणार? गोळी पदरात बांधून ठेवते. आम्ही वर विचारतो, 'आज गोळी का नाही घेतली, काळजी नाही का जिवाची?' तिच्या तोंडून खरं कारण पुरुष डॉक्टरसमोर येत नाही. अशा दिवशी गोळी परतल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. बहुतेकांना चालतं. संध्याकाळी उशिरा मात्र नको, रात्रीची झोप जाते.

हरिपाठ का सुटला तेही असंच विचारा, पण चारचौघांत नको. मघाच्या वडगावच्या काकींचं भजन सुटलं होतं तेव्हा घरच्यांना वाटलं देवावरचा विश्वास उडाला. प्रत्यक्षात मांडी घालून बसलं की पोट दाबून धाप लागायची, मधेच खोकला यायचा, उठताना दुसरीचा हात धरावा लागायचा, आणि सगळ्या खाली बसलेल्या असताना आपण खुर्चीवर बसायची लाज. शेवटी भजनातल्याच एका गुडघे दुखणाऱ्या बाईला शेजारी खुर्ची दिली. दोघी खुर्चीवर म्हटल्यावर लाज गेली. तुमच्या गावात अशी कुणी असणारच.

देवळापर्यंत चालत जाणं हाही उपचार आहे, हे नुसतं बरं वाटावं म्हणून सांगत नाही. हार्ट फेल्युअरच्या २३३१ पेशंटना नेमानं व्यायाम देऊन बघणारा मोठा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्यही कमी झालं, थोडंसंच, पण झालं. सुरुवात अंगणात पाच मिनिटांपासून. चालताना बोलता आलं पाहिजे एवढंच माप. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. पावसाळ्यात खानापूरकडं अंगण कुठलं मिळणार, तेव्हा ओसरीत फेऱ्या.

वजनाचा काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवला तर रोज वेगळं दाखवतो. एक शहाबादी फरशी कायमची कोपऱ्यात टाका, त्यावरच काटा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आकडा सासूबाईंनी वाचायचा किंवा नातवंडानं वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, तुम्ही नाही. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तिसरा तुकडा सगळ्यात नाजूक म्हणाले ना, त्यासाठी हा आकडा हवा: 'बरं वाटतंय का' या प्रश्नाला त्या खोटं उत्तर देतील, काटा देणार नाही. फोन कुणी करायचा तेही आत्ताच ठरवा. माझं म्हणणं, नवऱ्यानं, गोव्यातून. रोज सकाळी आईला फोन करून आकडा त्यानं विचारायचा. शनिवारी येऊन फळांची पिशवी ठेवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे, आणि मुलगा रोज सकाळी विचारतो हे त्या बाईला किती पुरेल याची त्याला कल्पना नसेल.

एकट्या तुम्ही नको म्हटलं, कारण तुमच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. शेत, मुलं, गुरं, त्यात तीनदा दवाखान्यात खाली चटई टाकून झोपलेल्या तुम्हीच असाल. सांभाळणाऱ्याचं मन आधी जातं असं मी कितीदा बघितलंय. नणंद असेल तर महिन्यातले चार दिवस तिनं येऊन राहावं. माहेरी जाण्यासाठी आजाराचं निमित्त लागू नये. आशाताईंना हार्ट फेल्युअरची काळजी घेण्याचं वेगळं प्रशिक्षण असतंच असं नाही, पण बीपी बघायला आणि दोन शब्द बोलायला आठवड्यातून एकदा डोकावा म्हणून सांगा. खानापूरकडच्या बऱ्याच आशा मराठी बोलतात, तेवढाही आधार मोठा असतो.

मनाच्या गोळीचं. वर सांगितले ते प्रयोग बहुतांशी सौम्य-मध्यम त्रासाच्या पेशंटचे. नैराश्य तीव्र असेल, पूर्वी कधी झालेलं असेल, जेवण सुटलं असेल, तर मानसोपचार तज्ज्ञ गोळी देतात आणि ती घ्यावी. सर्ट्रालीन हृदयाला सहसा चालते. एस्सिटालोप्राम देताना ईसीजी बघतात. ऍमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्या या हृदयाला आम्ही टाळतो, आणि झोपेसाठी अल्प्राझोलम परस्पर आणून देऊ नका, रात्री उठताना पडतात. डॉक्टरांकडं जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. आपल्याकडं मनाचा डॉक्टर म्हटलं की 'धारवाडला न्यायचं काय आता?' असं विचारतात, तिथं जुनं मनोरुग्णालय आहे म्हणून. धारवाडला जायची गरज नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठराविक वारी मानसोपचार तज्ज्ञ येतात, कर्नाटकात हा कार्यक्रम 'मनोचैतन्य' नावानं चालतो. वार आधी विचारून घ्या. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात हा विभाग आहेच. आणि १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. तुम्हीही तुमच्यासाठी लावू शकता.

एक प्रश्न मात्र तुम्हीच विचारायचा आहे. 'आई, मेलेलं बरं असं वाटतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बाई मोकळी होते. 'देवानं उचलावं' असं वरवर म्हणणं वेगळं. गोळ्या मुद्दाम सोडतेय, किंवा कसं करायचं याचा विचार केलाय, असं काही निघालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यांना एकटं ठेवू नका, आणि शेतातली औषधं व घरातल्या गोळ्यांचा साठा कुलपात घाला.

राहता राहिली आषाढी. धरू दे उपवास, त्यावर घरात वाद घालू नका. बाकी सगळं सुटलेलं असताना एकादशी धरायची इच्छा उरलीय, ही मला चांगली खूण वाटते. पण निर्जळी नको. गोळ्या चालूच राहतील, गोळीनं उपवास मोडत नाही, हे गावातल्या एखाद्या माळकऱ्याच्या तोंडून आलं तर माझ्यापेक्षा जास्त पटेल. फक्त डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर त्या दिवशी ती घ्यायची का, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, साखरेचा आजार असेल तर हटकून; दिवसभर पोट रिकामं आणि ही गोळी हे जुळत नाही. थोडं थोडं, तीन-चार वेळा खाऊ दे. साबुदाण्याच्या खिचडीत सैंधव घालतात, तेही मीठच आहे, ते वाटीतलंच. उपवासाच्या वेफर्सचं पाकीट घरात आणू नका. आणि रात्री देवळात भजनाला जायचं असेल तर लघवीची गोळी सकाळीच होऊ दे, आणि खुर्ची दुपारीच देवळात नेऊन ठेवा. दोन न्या.